विहिणीकडे राहायला

आईचा हात मोडला तो न्हाणीघरात. सावर्ड्याच्या घरात ती एकटीच राहायची. बाबा गेल्यावर बाजारातलं दुकान बंद झालं, पण दुकानामागचं घर तिने सोडलं नाही. मी एकुलती एक मुलगी, रत्नागिरीला दिलेली. दर महिन्याला मी तिला म्हणायचे, "आमच्याकडे ये." ती म्हणायची, "येईन गो, बघू." ते बघणं कधी संपत नव्हतं. शेवटी ओल्या लादीवर पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलेली आई आमच्या गाडीत मागे बसून रत्नागिरीला आली.

"हात बरा होईपर्यंत हां," ती वाटेत हातखंब्याला म्हणाली. घरात पाऊल टाकताना पुन्हा म्हणाली.

आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासूबाई. मुलगा नोकरीला पुण्याला. सासूबाईंना त्यांचा मुलगा माई म्हणतो म्हणून मीही माईच म्हणते. माई पावसच्या. कलमांच्या आणि माडांच्या सावलीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा जीव. मी आणि नवरा सकाळी आपापल्या ऑफिसला गेलो की घर त्यांचं. मासेवाली दारात आली की टोपलीत हात घालून बांगडा कुठला ताजा ते त्याच ठरवणार, सारात आमसुलं किती तेही त्याच.

आई आली त्या दिवशी माईंनी माझ्या मुलाच्या खोलीत धुतलेली चादर घातली, तांब्या-भांडं ठेवलं आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "विहीणबाई, आता आराम करायचा. कशाला म्हणून हात लावायचा नाही."

आणि खरंच हात लावू दिला नाही. आई ताट उचलायला गेली की, "राहू दे, तुम्ही बसा." भाजी निवडायला पुढे सरकली की, "छे छे, तुम्ही बसा." चहा हातात, नाश्ता हातात, न्हायला गरम पाणी काढून ठेवलेलं. आमच्यात विहिणीचा मान मोठा, आणि माई तो मनापासून करत होत्या. मला तर किती बरं वाटलं होतं. ऑफिसात बायकांना सांगत होते, माझ्या सासूबाई आईचं किती करतात बघा.

आई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. जेवण कमी झालं. बोलावलं की यायची, नाहीतर पलंगाच्या कडेला बसून राहायची, अगदी कडेला, स्टँडवर एसटीची वाट बघत बसावं तशी. सोबत आणलेली बॅग तिने रिकामी केली नव्हती. त्या दिवसाची साडी तेवढी काढायची आणि चेन परत लावायची. मी कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी मोकळा केला होता, तो तसाच राहिला.

"दुखतंय का?" मी विचारायचे.

"नाही गो."

"घरची आठवण येते?"

"छे. इथे काय कमी आहे?"

हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले हाड छान धरतंय. मग जेवत का नाही, ते त्यांना सांगता येईना, मलाही कळेना.

मग तो वालांचा दिवस आला.

माईंनी बिरड्यासाठी वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायला ठेवले होते. त्या शनिवारी मी घरीच होते. माई अंघोळीला गेल्या आणि आई उठून स्वयंपाकघरात गेली. फडकं सोडलं, वाल कोमट पाण्यात टाकले आणि खाली मांडी घालून सोलायला बसली. प्लास्टरमधून तिची बोटं तेवढी बाहेर होती. चिमटीत वाल धरायचा, दाबायचा, साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे. मी दारातून बघितलं. चेहरा इतका शांत होता की मी तशीच मागे फिरले.

माई बाहेर आल्या तोवर अर्धं पातेलं सोलून झालं होतं.

"हे काय केलंत?" माईंचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला होता. "ते उद्याला होते. मोड पुरते आले नव्हते अजून!"

"आलेत की. एवढेच पुरतात."

"आमच्यात नाही पुरत. मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर 'तुम्ही बसा' म्हणाला असतात."

"मग बसायचं! हात मोडलाय ना तुमचा?"

"हात मोडलाय, बोटं नाही मोडली!" आई म्हणाली. आता तिचाही आवाज वर गेला होता. "इतके दिवस बसलेच आहे. सकाळी उठून बसते, संध्याकाळपर्यंत बसते. आता मला भिंतीवर टांगा आणि वर हार घाला, म्हणजे झालं."

माई एकदम थांबल्या. दोन विहिणी भांडल्या की पुढे काय होतं याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. मधे पडायचं तरी कुणाच्या बाजूने? माईंनी पातेलं उचललं, ओट्यावर ठेवलं आणि कांदा चिरायला घेतला. आई उरलेले वाल सोलत बसली.

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. नवरा सकाळीच बाहेर गेला होता, त्याला कशाचा पत्ता नव्हता. पहिला घास खाऊन तो म्हणाला, "बिरडं मस्त झालंय आज."

आई म्हणाली, "मीठ कमी आहे."

एवढ्या दिवसांत तिने आमच्या घरातल्या कुठल्याही पदार्थाला छान याखेरीज शब्द वापरला नव्हता. मी माईंकडे बघायचं टाळलं. माईंनी आपल्या ताटातलं थोडं चाखलं, मिठाची वाटी आईकडे सरकवली आणि म्हणाल्या, "घ्या. कमीच आहे." त्या दिवशी आईने दुसऱ्यांदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी माठाच्या भाजीची जुडी आईच्या पुढ्यात आणून टाकली. "जाड देठं टाकू नका, मला लागतात," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. संध्याकाळी मी बघितलं तर मोकळ्या कप्प्यात आईच्या साड्या लागल्या होत्या.

त्यानंतर घराला वेगळाच आवाज आला. दोघींचं एकमत असं कशावरच होत नव्हतं. आई सावर्ड्याची, तिच्याकडे सुकी मासळी बारा महिने चालायची. माईंना सुकटीचा वास पावसाळ्याखेरीज खपत नसे. दुपारच्या मालिकेतली सून आईच्या मते बिचारी, माईंच्या मते आतल्या गाठीची. पण आईने दुकानात बाबांच्या बरोबरीने गिऱ्हाईक सांभाळलेलं, त्यामुळे तिला माणसं लागायची. ती पडवीत खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकायची. माई या गल्लीत कितीतरी वर्षं राहिलेल्या, पण शेजारणींशी हसण्यापलीकडे गेल्या नव्हत्या. आता त्यांचीही खुर्ची पडवीत आली. एकदा ऑफिसातून आले तर समोरच्या घरातली बाई आमच्या पडवीत बसून दोघींना तिच्या सुनेबद्दल सांगत होती आणि माई चक्क सल्ला देत होत्या.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, जड उचलू नका म्हणाले. घरी येताच आई म्हणाली, "आता मी जाते."

मी खूप समजावलं. नवरा म्हणाला, "आई, हे घर तुमचं नाही का?" ती त्याच्याकडे बघून हसली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "लेकीकडे किती दिवस राहायचं? आले, चार दिवस राहिले, मान राहिला. आता पुरे." हे काही मी तिच्या डोक्यातून काढू शकत नव्हते. तिच्या आईनेही तिच्याकडे कधी चार रात्रींवर मुक्काम केला नव्हता.

मला वाईट वाटलं ते माईंचं. दोघींचं इतकं जमलं होतं, पण "राहा" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आई जायची म्हटल्यावर त्या आणखीच कामात राहिल्या.

निघायच्या दिवशी नवऱ्याने गाडी बाहेर काढली. आईची बॅग डिकीत ठेवली. तेवढ्यात माई बाहेर आल्या. बाहेर जायची साडी, केसांना तेल-पाणी, हातात कापडी पिशवी आणि काखेत गुंडाळलेली गोधडी.

"तू कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"सावर्ड्याला."

"सोडायला येतेस? मग गोधडी कशाला?"

"राहायला जाते. त्यांच्या हातात अजून जोर नाही. सकाळी नळाला पाणी येतं, बादल्या कोण उचलणार?"

"आणि तू उचलणार? तुझे गुडघे बघ आधी."

"माझे हात चांगले आहेत, त्यांचे गुडघे चांगले आहेत. दोघी मिळून होईल एक माणूस," माई म्हणाल्या आणि गाडीत मागे जाऊन बसल्या. आईने सरकून जागा दिली. तिला हे आधीच ठाऊक होतं की नव्हतं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि हसू दाबत होती.

आठ दिवसांची बोली होती. आठाचे पंधरा झाले. फोन केला की माई म्हणायच्या, "आत्ता वेळ नाही गो, बाजारात चाललोय." रत्नागिरीत माईंना बाजारात न्यायचं म्हणजे मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या.

एका रविवारी आम्ही न सांगता गेलो. दाराला कुलूप. फोन कुणी उचलेना. नवऱ्याचा चेहरा उतरला. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चिपळूणला गेल्यात की दोघी. नऊच्या एसटीने."

"कशाला?"

"खरेदीला म्हणाल्या."

आम्ही पायरीवर बसून राहिलो. दुपारी दोघी हळूहळू चालत आल्या. आई पुढे, माई तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. "अगो, सावकाश चल, मला पळवतेस काय?" असं माई म्हणत होत्या. 'विहीणबाई' आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं होतं कुणास ठाऊक. आम्हाला बघून दोघी जराशा ओशाळल्या.

पिशवीतून निघाले दोन गाऊन. माई जन्मभर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत साडीत. आमच्याकडे उकाड्याने जीव जायची वेळ आली तरी साडीच. संध्याकाळी त्या नव्या कोऱ्या निळ्या गाऊनमध्ये बाहेर आल्या तेव्हा नवरा बघतच राहिला.

"माई, हे काय?"

"इथे चालतं," माई म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही तिथे जेवलो. दोघींनी सहा वाजताच भात टाकला होता. "आम्हाला लवकर भूक लागते," आई म्हणाली, "आणि इथे कुणाच्या डब्याची घाई नाही." परत येताना गाडीत नवऱ्याने गाणी लावली, बंद केली. मग म्हणाला, "माई अशी हसते हे मी विसरलो होतो."

पण पुढच्याच आठवड्यात तो वेगळंच बोलायला लागला, कारण माईंना चक्कर आली. त्यांना साखरेचा त्रास आहे, गोळी चालू असते. बाजारातून यायला उशीर झाला, गोळी घेतलेली आणि जेवण राहिलेलं. घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आईने साखर-पाणी पाजलं, शेजारच्या काकूंना हाक मारून रिक्षा आणवली, डॉक्टरांना दाखवलं, घरी आणून पेज भरवली आणि सगळं निस्तरल्यावर आम्हाला फोन केला.

आम्ही तडक निघालो. नवरा घरात शिरला तोच तापलेला. "पुरे झालं आता. उद्या काही झालं असतं म्हणजे? दोन म्हाताऱ्या माणसांनी एकट्या राहायचं हे डोक्यातून काढा. माई, सामान भर."

आई कोपऱ्यात उभी होती. चूक तिचीच असल्यासारखी मान खाली. माई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकटी नव्हते मी. एकटी तिकडे असते."

"म्हणजे?"

"रत्नागिरीला दोनदा असंच झालं होतं. ही यायच्या आधी. तुम्ही दोघं ऑफिसात. मी स्वयंपाकघरात लादीवर पडून राहिले. जरा बरं वाटल्यावर गूळ खाल्ला आणि भाकऱ्या केल्या."

नवरा खाली बसला. "सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही ऑफिस सोडून घरी बसणार होतात? की मला बाई ठेवणार होतात, माझ्यावर नजर ठेवायला?" मग आईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिने मला लादीवर नाही पडू दिलं. आणि तू तिच्यावर ओरडतोस."

मी मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले. रोज संध्याकाळी गरम भाकरी वाढणाऱ्या माई डोळ्यांपुढे आल्या. दुपारी त्या काय करतात हा विचार आमच्या घरात कुणी केलाच नव्हता. त्या घरात असतात म्हणजे घर भरलेलं असतं, एवढंच आम्हाला माहीत. घर भरलेलं आमच्यासाठी होतं. त्यांच्यासाठी ते सकाळी साडेनऊला रिकामं व्हायचं.

बाहेर आले तर नवरा आईसमोर उभा होता. "आई, माझं चुकलं," म्हणाला. आई गडबडून गेली. "अहो जावईबापू, असं काय करता? बसा, चहा टाकते." आणि तिला चहा टाकू दिला त्याने, राहू दे म्हणाला नाही.

मग रीतसर बोलणं झालं. माई म्हणाल्या, पाऊस सुरू झाला की सावर्ड्याच्या या घरात ओल येते, त्यांच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. तेव्हा पावसाळ्यात रत्नागिरी आणि दिवाळीनंतर सावर्डे. "आणि दोघींनी," असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी आईकडे बघितलं. लेकीकडे चार-पाच महिने राहायला ही कशी तयार होणार?

आई विचार करून म्हणाली, "त्या माझ्याकडे राहिल्या, मग मला जायला नको? फेड नको करायला?"

जूनमध्ये आम्ही त्यांना आणायला गेलो तेव्हा शेजारच्या काकू दारात आल्या. "काय, लेकीकडे चाललात?"

"नाही हो," आई ताठ मानेने म्हणाली. "विहिणीकडे चालले राहायला."

ज्या गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं डोकं फोडलं, ती अशी सुटली. माझ्या प्रेमाने ती माझ्याकडे राहायला येणार नव्हती. तिला कुणाचं तरी येणं-जाणं हवं होतं, तिनेही कुणाला तरी ठेवून घेतलेलं हवं होतं.

आता त्यालाही काही वर्षं झाली. दोघी आणखी थकल्यात. माईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून आई कायम त्यांच्या उजवीकडे बसते. आईचं मनगट थंडीत ठणकतं, तेव्हा माई तेल कोमट करून चोळून देतात आणि चोळताना तिने न्हाणीघरात कशी घाई केली यावरून बोलतात. पावसाळ्यात आमच्या पडवीत दोन खुर्च्या असतात. गाऊन आता रत्नागिरीतही चालतो. दुपारी एकीला तरी फोन करायचा असा आम्ही नियम केला होता, पण त्या झोपेत असतात आणि आमच्यावरच वैतागतात, त्यामुळे आता मेसेज करतो. आई अंगठा पाठवते. माई काही पाठवत नाहीत.

सगळं गोडच आहे असं नाही. मागे एकदा आठवडाभर दोघींनी अबोला धरला होता, पावसच्या घरच्या गणपतीला नैवेद्याची पानं कुणी कशी वाढली यावरून. मधे निरोप मी द्यायचे. आणि कधीकधी, त्या नसताना, मला भीती वाटते. एकीला काही झालं तर दुसरीचं काय? हे मी एकदा माईंकडे बोलले. त्या तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "होईल तेव्हा बघू. आत्ता ते पसरट पातेलं दे इकडे."

यंदा दिवाळी झाली आणि दोघींची सावर्ड्याला निघायची तयारी सुरू झाली. नवरा पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्यांना बॅगा बांधताना बघत तो दारात उभा होता. अर्धवट चेष्टेने म्हणाला, "रिटायर झालो की मीही येतो सावर्ड्याला. महिनाभर राहीन."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"या की, जावईबापू," आई म्हणाली. जावयाला नाही कसं म्हणणार?

"यायच्या आधी विचार मात्र," माई म्हणाल्या. "आमचं काहीतरी ठरलेलं असतं."